हायेक यांच्या विलीनीकरणाने स्विस घड्याळं तगली की अडकली?

लंबक: १९८३ साली बँकांनी आसुआग (घड्याळाची मशीनं नि सुटे भाग बनवणाऱ्यांचा गट) आणि एसएसआयएच (ओमेगा-टिसोचा गट) हे दोन बुडते गट एकत्र बांधले, म्हणून हा धंदा उरला. १९७०च्या सुमारास ९० हजार कामगार होते, १९८०च्या दशकाच्या मध्यावर तीसेक हजार. सल्लागार निकोलास हायेक यांच्या सांगण्याने घड्याळाच्या आतलं मशीन बनवणं एटा या आसुआगच्या कंपनीकडे एकवटलं. स्वॉच हे प्लास्टिकचं घड्याळ त्याचंच फळ: ५१ भाग, केसचा तळ हीच बेस प्लेट, काच अल्ट्रासोनिक वेल्डिंगने बंद. उघडायची सोयच नाही, म्हणून स्वस्त.

चावीवाला: तारखा बघा हो. स्वॉच १९८३च्या मार्चमध्ये बाजारात आलं, विलीनीकरण त्यानंतर. ते एटाचे प्रमुख एर्न्स्ट टोमके यांच्या हाताखाली एटातच घडलं होतं. आणि एकवटून बघणं १९८३चं नवं नाहीच. १९२६ला एबोश एसए (कच्ची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यांचा गट), १९३१ला सरकारी पैशाने आसुआग. सुटं मशीन परदेशी पाठवून तिथे जोडायचं नि जकात वाचवायची, हा शाब्लोनाज रोखायला १९३४पासून परवाने आले. भाव टिकले, चपळाई गेली. क्वार्ट्झचं (बॅटरीवर, स्फटिकाच्या कंपनावर चालणारं) स्विस मशीन बीटा २१ अनेक कंपन्यांनी मिळून केलं, ते १९७०ला विक्रीला आलं; जपानी सेकोचं क्वार्ट्झ घड्याळ अ‍ॅस्ट्रॉन डिसेंबर १९६९लाच दुकानात!

लंबक: आसुआग म्हणजे नुसती मोट होती, प्रत्येक कारखान्याचा संसार वेगळा. हायेकनी तो मोडला, फरक तिथे आहे.

केसकमान: तुम्ही दोघं मशीनवर भांडताय, गळा दाबला जातो हेअरस्प्रिंगवर, म्हणजे यांत्रिक घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक कमानीवर. एटाच्या २८२४-२ या यांत्रिक मशीनला पर्याय निघाला: सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू २००, तोच २५.६ मिमी व्यास, तीच ४.६ मिमी जाडी, माणकं (घर्षण कमी करणारे खडे) २५ऐवजी २६. मशीनचा सांगाडा असलेल्या प्लेटी-ब्रिज सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोणीही कापेल. हेअरस्प्रिंगचं तसं नाही. तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडीत १ टक्का चूक म्हणजे गतीत दीड टक्का, दिवसाला साधारण २१ मिनिटं! म्हणून बॅलन्स व्हील (कमानीसोबत मागेपुढे हलणारं चाक) आणि कमान वर्गवारी लावून जुळवतात. हे बहुतांश काम विलीनीकरणातून झालेल्या स्वॉच समूहाच्या निव्हारॉक्स कंपनीकडे. २०१३ला स्विस स्पर्धा आयोगाने एटाला बाहेरच्या कंपन्यांना होणारा यांत्रिक मशीनांचा पुरवठा टप्प्याटप्प्याने ७५, ६५, ५५ टक्क्यांवर आणायला मुभा दिली. निव्हारॉक्सला मात्र नाही दिली. का, ते उघड आहे.

लंबक: मग तेच म्हणतोय. एवढी काटेकोर मिश्रधातूची तार ओढायला खप लागतो. १९८०च्या दशकात तो विखुरला असता तर निव्हारॉक्सही गेली असती.

चावीवाला: गेली नाही, हे मान्य. पण बाहेरच्यांचा पुरवठा तोडायची एटाची घोषणा २००२ला झाली नसती, तर सेलिटा एटाचीच मशीनं जोडत बसली असती. स्पर्धा जन्मली ती मक्तेदाराने हात आखडता घेतल्यावर.