शेवटून तिसऱ्याचं एवढं कसलं कौतुक?

तिखट_मिसळ:
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट येऊन पडली. लेखक अज्ञात, खाली ‘पटल्यास पुढे पाठवा’. मुद्दा असा, की मेक्सिकोचा डोनोव्हान कारिय्यो हा फिगर स्केटर (बर्फावर उड्या-गिरक्या घेत नाचणारा) 2022च्या बीजिंग ऑलिम्पिकला 24 जणांत 22वा आला, म्हणजे शेवटून तिसरा, तरी त्याच्या मुलाखती काय, व्हिडिओ काय, आरत्या काय! हरणाऱ्यांना डोक्यावर घ्यायची ही नवी थेरं म्हणे, आणि असलं ऐकूनच आपली पोरं ‘भाग घेतला ना, बास’ म्हणायला शिकलीत. खाली 19 अंगठे. मी दोन ओळी लिहिल्या तर ॲडमिनचा निरोप आला, ग्रुप पाणी आणि पार्किंगपुरता आहे. पोस्टला चालतं, उत्तराला चालत नाही. म्हणून इथे ओकते.

ते 24 म्हणजे चाळणीवर उरलेले हो. शॉर्ट प्रोग्राम या पहिल्या, छोट्या फेरीनंतर वरचे 24च फ्री स्केटला, म्हणजे अंतिम फेरीला जातात, बाकीचे सामान बांधतात. कारिय्यो 79.69 गुण घेऊन 19वा होता. त्याच्याआधी मेक्सिकोचा कुणीही ऑलिम्पिकमध्ये ही चाळणी पार केली नव्हती. पुरुषांत मेक्सिकोचा आधीचा स्केटर कोण, तर रिकार्दो ओलावारिएता, 1992, आल्बेरव्हिल. म्हणजे मधली 30 वर्षं कुणी नाहीच.

आणि हा पोरगा सराव कुठे करत होता? लिओन शहरातल्या एका मॉलच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. ऑलिम्पिकची रिंक 60 मीटर लांब, 30 रुंद. ही त्याहून लहान, त्यात वाढदिवसाला आलेली पोरं, कठडा धरून चाललेल्या आज्या आणि हातात हात घालून पडणारी जोडपी. त्यांच्यातून वाट काढत हा क्वॉड सॅल्कॉव शिकला. हवेत 4 गिरक्या! बीजिंगला शॉर्ट प्रोग्राममध्ये तो टाकला आणि उतरवलासुद्धा. अंगठेवाल्यांनी आधी एका पायावर 10 सेकंद उभं राहून दाखवावं, मग बोलावं.

नानासाहेब_निवृत्त:
तिखटताई, पोस्ट माझी नाही, पण अंगठा दिला असता. भावना बाजूला ठेवा, आकडे बघा. सुवर्णपदकवाला नेथन चेन 332.60. तुमचा हिरो 218.13. फरक 114 गुणांचा. आमच्या वेळी एवढ्या फरकाने हरलेला मुलगा घरी मागच्या दाराने यायचा. मॉलमध्ये शिकला, बर्फ कमी होता, हे सगळं मान्य, पण गुणपत्रिकेवर परिस्थिती लिहीत नाहीत.

आणि हे मेक्सिकोवाले हिवाळी ऑलिम्पिकला हौसेने जाणारे म्हणून प्रसिद्धच आहेत. तो एक राजपुत्र होता, हुबर्टस फॉन होहेनलोहे. मेक्सिको सिटीत जन्मला एवढंच भांडवल. 6 ऑलिम्पिक केली, सोचीला 2014 साली वयाच्या 55व्या वर्षी मारियाची बँडवाल्यासारखे (तिकडच्या पारंपरिक वाजंत्र्यांचे) कपडे घालून स्कीइंगला उतरला. देशांच्या कोट्यातून असे लोक शिरतात, मग आपण टाळ्या वाजवायच्या. 2000च्या सिडनी ऑलिम्पिकला तो इक्वेटोरियल गिनीचा जलतरणपटू एरिक मुसाम्बानी नाही का, जेमतेम पोहत 100 मीटर पार केले त्याने!

तिखट_मिसळ:
नाना, कोटा हा शब्द दिसला की तुमचा रक्तदाब वाढतो हे जुने वाचक जाणतात, पण इथे तुमची गाडी चुकलीय. मुसाम्बानी खास सवलतीच्या प्रवेशावर आला होता. फिगर स्केटिंगमध्ये जागा बर्फावर कमवावी लागते. कारिय्यो 2021च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत 20वा आला, म्हणून मेक्सिकोला 1 जागा मिळाली. कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. 2018ला हीच संधी हुकली होती, तेव्हा घरीच बसला होता बिचारा. एका बाजूला राजपुत्र, एका बाजूला हा. तुम्ही दोघांना एकाच पोत्यात भरताय.

ग्वादालाहाराचा_गजा:
धाग्यात मेक्सिको येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणून लॉग-इन झालो. मी इथे मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात आयटीत 6 वर्षं. (हो, इथे मराठी माणसं आहेत, गणपतीही बसतो, मोदकाला नारळ चांगला मिळतो.) डोनोव्हान आमच्याच शेजारचा, सापोपानचा. लहानपणी तो इथेच शिकत होता. 2013च्या सुमाराला इथली रिंक बंद पडली. त्याचे प्रशिक्षक ग्रेगोरियो नुन्येस लिओनला गेले, आणि हा 13-14 वर्षांचा पोरगा घरदार सोडून त्यांच्या मागे गेला. ते अंतर दोनेकशे किलोमीटर. आपल्याकडे पोरगं क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवताना आई कशी रडते ते आठवा, आणि इथे तर शेवटी नोकरीचीही खात्री नाही.

त्या शॉर्ट प्रोग्रामच्या दिवशी चीनमध्ये सकाळ, इथे संध्याकाळचे 7. मी जिथे टाको खातो त्या गाड्यावरचा टीव्ही फुटबॉलशिवाय काही दाखवत नाही. त्या दिवशी मालकाने स्वतः चॅनल बदलला. पोरगा सान्तानाच्या गिटारवर नाचत होता. सान्तानाही आमच्याच खालिस्को राज्यातला, आउत्लानचा. तव्यावरचं मांस करपलं, कुणी ओरडलं नाही. फुटबॉलवेड्या देशात चमचमत्या शर्टात बर्फावर नाचणाऱ्या मुलाला काय काय ऐकावं लागत असेल याची कल्पना करा, आणि मग ती शांतता.

अवांतर: मी स्वतः मुलीला घेऊन मॉलच्या रिंकवर गेलो होतो. पाचव्या मिनिटाला मनगट मोडलं. तिने मला उठवलं.

अर्धवट_शहाणा:
गजाभाऊ, छान लिहिलंत, आणि नेमकी हीच गोष्ट घातक आहे. मी नानांच्या बाजूचा नाही आणि ताईंच्याही नाही.

मॉलमधल्या पोराची कथा सरकारांना फार आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत. साडेबारा कोटींचा देश बीजिंगला किती खेळाडू पाठवतो? 4. 1928मध्ये सेंट मॉरिट्झला बॉबस्ले (बर्फावरची घसरगाडी) घेऊन गेले होते, तेव्हापासून आजवर हिवाळी पदक शून्य. ध्वज धरायला पुरुषांतून कारिय्यो, बायकांतून सारा श्लेपर. आणि हे काय बर्फापुरतं नाही. 2023मध्ये मेक्सिकोच्या कलात्मक जलतरणाच्या मुलींचे भत्ते बंद केले. त्यांनी पोहण्याचे कपडे विकून पैसे उभे केले आणि इजिप्तमधल्या विश्वचषकात सुवर्णपदकं आणली. त्यावर तेव्हाच्या क्रीडाप्रमुख बाई काय म्हणाल्या? माझ्याकडून त्यांनी चड्ड्या विकाव्यात नाहीतर टपरवेअर विकावं! आना गेवारा. स्वतः 400 मीटरची जगज्जेती, अथेन्सचं रौप्य घरात. अशा बाईंना तुमची जिद्दीची कथा दिली की त्या म्हणणारच, बघा, मॉलमध्येही होतं की. मग रिंक कशाला बांधायची?

तुम्ही त्या पोराचं नाही, त्याच्या गैरसोयीचं कौतुक करताय.

तिखट_मिसळ:
म्हणजे मी टाळ्या वाजवल्या म्हणून मेक्सिकोत रिंक होत नाही? बरं बाई, माझं चुकलं. उद्यापासून हात खिशात.

स्केटिंगपटूची_आई:
मी यावर न बोलणं शक्यच नाही. आमची कन्या 7 वर्षांची असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोलर स्केटिंगचा क्लास सुरू झाला. सर सांगत, पोरीत दम आहे. मग स्केट्स घ्या, हेल्मेट घ्या, मग चाकं बदला, मग नवीन चाकं वेगळी ‘स्पर्धेची’ घ्या. दीड वर्षाने कळलं की क्लासचं ध्येय स्पर्धा नाहीच, विक्रम! रांगेने गाड्या उभ्या करायच्या आणि पोरांनी पाय फाकवून, नाक जमिनीला टेकवून त्यांच्याखालून जायचं. लिम्बो म्हणे. मेडल, सर्टिफिकेट, फ्लेक्सवर नगरसेवकाच्या फोटोखाली पोरीचा फोटो. प्रत्येक सर्टिफिकेटची फी वेगळी. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये 11 विश्वविक्रमवीर राहत होते.

नानासाहेब_निवृत्त:
हा हा. आमच्याकडे 3 होते. एकाचा तर सलग 24 तासांचा विक्रम, मधे झोपला होता असं त्याचीच आजी म्हणते.

फक्त_वाचक:
याला क्रीडागुण कारणीभूत आहेत. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर सगळ्या खेळांचा बाजार होणारच. माझ्या भाच्याने जो खेळ खेळला त्याचं नावही त्याला नीट सांगता येत नाही.

स्केटिंगपटूची_आई:
क्रीडागुणांना सरसकट नावं ठेवू नका. पहाटे साडेचारला उठून मुलीला ट्रॅकवर नेणारी मी होते, तुमचा भाचा नाही. खरोखर जिल्हा, राज्य खेळणाऱ्या मुलांच्या हाती तेवढंच तर लागतं.

फक्त_वाचक:
मी सरसकट म्हटलेलंच नाही. टोपी बसली तर माझा इलाज नाही.

स्केटिंगपटूची_आई:
टोपी? माझ्या मुलीचं कोपर 2 वेळा मोडलंय. प्लास्टरचे फोटो टाकू का इथे? घरबसल्या भाच्याच्या जीवावर मतं ठोकायला अक्कल लागत नाही.

अर्धवट_शहाणा:
मेक्सिको कुठे राहिलं?

नानासाहेब_निवृत्त:
शिस्तीत बोला सगळे. वाचकसाहेब, बाईंच्या मुलीवर गेलात ते चूक. बाई, अक्कल काढलीत तीही चूक. आता मूळ मुद्दा. आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी. पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. पण खाशाबांनी कांस्यपदक आणलं! परिस्थितीची कथा पदकानंतर सांगायची असते. 22व्या नंबरानंतर ती सबब होते.

तिखट_मिसळ:
नाना, बरं झालं तुम्हीच बोललात. खाशाबा त्याआधी 1948ला लंडनलाही गेले होते. सहावे आले. मॅटची कुस्ती, नियम वेगळे. तेव्हा कोल्हापूरने दार लावून घेतलं असतं तर हेलसिंकी झालं असतं का? खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते पदक बघून नाही, सहावा आलेला माणूस बघून.

नानासाहेब_निवृत्त:
सहावा आणि बावीसावा यांत फरक आहे.

ग्वादालाहाराचा_गजा:
आहे ना. कुस्तीला माती गावोगाव होती. बर्फाला माती लागत नाही, वीज लागते. इथे थंडीतही दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरतो आम्ही.

आणि लहान रिंकचा तोटा नुसता गर्दीचा नाही. माझ्या मुलीच्या मास्तरीणबाईंनी समजावलं ते सांगतो. उडीआधी वेग घ्यायला ठरावीक ढांगा लागतात. लहान बर्फावर त्या ढांगा तोकड्या पडतात, वळण लवकर येतं. पूर्ण कार्यक्रम सलग, खऱ्या मापाने करायला मिळतच नाही. मग स्पर्धेच्या मोठ्या बर्फावर संगीत आणि अंतर यांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. शॉर्ट प्रोग्राम पावणेतीन मिनिटांच्या आसपासचा, तो तडीस नेला. फ्री स्केट 4 मिनिटांचं, तिथे गडबड झाली आणि 19वरून 22वर घसरला. माझा अंदाज आहे हा, तज्ज्ञांनी फोडून काढावा.

अर्धवट_शहाणा:
तज्ज्ञ नाही, पण हे पटलं. म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. पूर्ण मापाचा बर्फ असता तर कदाचित 15वा आला असता, आणि आपण भांडलोच नसतो. तरी तिखटताई, एवढं मान्य करतो, की लोकांना तो माहीत झाला तरच उद्या कुणी रिंक मागेल. टाळ्या वाजवा. फक्त टाळीनंतर बिलही मागा.

तिखट_मिसळ:
आज तारीख लिहून ठेवते. शहाण्यांनी अर्धं मान्य केलं.

नानासाहेब_निवृत्त:
नातवाने मोबाइलवर तो शॉर्ट प्रोग्राम लावून दिला. दोनदा बघितला, कारण पहिल्यांदा उडी कळलीच नाही, कधी वर गेला आणि कधी उतरला. शर्ट फार चमकतो. एवढं चमकायची गरज नव्हती. पोरगा हसतो छान. परीक्षकांनी गुण थोडे हात आखडून दिलेत असं माझं वैयक्तिक मत झालं आहे. बावीसावा तो बावीसावाच, त्यावर मी ठाम आहे.

तिखट_मिसळ:
नाना, दोनदा?!

नानासाहेब_निवृत्त:
तीनदा. तिसऱ्यांदा सौ.ला दाखवला.

फक्त_वाचक:
आईसाहेब, कोपराबद्दल माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. भाच्याबद्दलचे घेत नाही.

स्केटिंगपटूची_आई:
ठीक आहे. आता इथे आलाच आहात सगळे तर, इनलाइन स्केट्स, 36 नंबर, एकच पावसाळा माळ्यावर होते, चाकं ‘स्पर्धेची’. मुलगी आता बुद्धिबळाला जाते. घेणाऱ्याने येऊन घेऊन जावे, भाव करू नये.