शब्दचर्चा: स्पेक, कसोटी, बेंचमार्क

एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत लिहिताना तीन शब्दांपाशी अडले आहे. टेस्ट (कोड बरोबर चालते का ते तपासणे), स्पेक (कोडने कसे वागायचे याचे लेखी वर्णन), बेंचमार्क (कोड किती वेगाने चालते ते मोजणे). टेस्टला चाचणी रुळला आहे. पण आधीच्या मसुद्यात तिन्हींसाठी चाचणी आणि कसोटी आलटूनपालटून वापरले होते. 'कसोटी: १२० नॅनोसेकंद' हे वाचून कुणाला काय कळणार? स्पेकला शब्दकोश 'विनिर्देश' सुचवतो. निविदेत तो शोभतो, पण रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आरस्पेक या चाचणी-साधनाच्या स्पेकला मला तो जड वाटतो. काय म्हणावे?

प्रतिसाद १

बेंचमार्कला कसोटी नको. गंमत म्हणजे मूळ अर्थ जवळचा आहे: सोनार काळ्या दगडावर सोने घासून त्याची रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून बघतो, म्हणजे तुलनाच करतो. पण आज 'कसोटीला उतरणे' म्हणजे पास होणे. बेंचमार्क पास किंवा नापास होत नाही.

शब्द भूमापनातला आहे. तिथे बेंचमार्कला तलचिन्ह म्हणतात. नागपूरला झिरो माइलपाशी १९०७ सालचा असा दगड आहे. त्या दगडाची परीक्षा कुणी घेत नाही, त्याच्यापासून इतर उंच्या मोजतात. १२० नॅनोसेकंदांचेही तसेच. त्याच यंत्रावर कालचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरत नाही.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत हा फरक नावातच दिसतो. एकाच फाइलमध्ये काही फंक्शनांची (कोडच्या छोट्या तुकड्यांची) नावे टेस्टने सुरू होतात, काहींची बेंचमार्कने. पहिली बिनसले तर ओरडतात. दुसरी तेच काम पुरेसा वेळ पुन्हा पुन्हा करून एका फेरीला सरासरी किती नॅनोसेकंद लागले ते सांगतात. म्हणून मोजणाऱ्या कोडला 'वेगमापन' आणि ज्याच्याशी ताडायचे त्या आकड्याला 'आधारमाप' असे दोन शब्द घ्यावेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आपण तो घोळ कशाला घ्यायचा?

प्रतिसाद २

स्पेकबद्दल. १९८८ पासून स्पेक नावाची एक संस्थाही आहे आणि तिचे काम नेमके बेंचमार्क तयार करण्याचे! त्यामुळे 'स्पेक' एवढेच लिहू नका.

स्पेक हे मुळात वाक्य असते. 'रिकामी यादी: पहिला घटक मागितल्यास काहीच देत नाही.' इथे क्रियापदाकडे लक्ष द्या. 'देऊ नये' नाही, 'देत नाही'. आरस्पेकमध्येही पूर्वी 'शुड' (म्हणजे 'करावे') लिहीत, पुढे ते मागे पडले. मराठीत नियम सांगायला रीतिवर्तमान आहेच: पाणी उताराकडे वाहते. स्पेक त्याच काळात लिहावे.

क्युकंबर या चाचणी-साधनात स्पेक साध्या वाक्यांत लिहायला गर्किन नावाची भाषा आहे. तिच्यात तर मराठी शब्द चालतात: जेव्हा, मग, आणि, पण. मात्र 'गिव्हन'ला, म्हणजे आधीची परिस्थिती सांगणाऱ्या शब्दाला, तिथे 'जर' आहे, तो मला खुपतो. 'जर' म्हटले की कान 'तर'ची वाट बघतो, आणि गोष्ट घडेल की नाही ही शंका येते. 'गिव्हन'मध्ये शंका नसते, परिस्थिती आधीच मांडून ठेवलेली असते. 'खात्यात ५०० रुपये असताना' यातला 'असताना' नेमका आहे, पण तो वाक्याच्या शेवटी येतो आणि गर्किनला खुणेचा शब्द सुरुवातीला लागतो. 'दिलेल्या प्रमाणे' हा पर्याय आहे, पण असे कुणी बोलत नाही.

स्पेकला मी 'बोली' सुचवेन. 'आपली अशी बोली झाली होती' म्हणतो ना, त्या अर्थाने. कोडने काय करायचे याची आधी ठरलेली बोली.

मूळ प्रश्नकर्तीकडून

'बोली' फार आवडला, पण 'मराठी बोली'शी गल्लत होईल. पुस्तिकेत एकाच पानावर भाषांचाही उल्लेख येतो. 'वर्तन-तपशील' घेते, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे कोडशी ठरलेली बोली' असे लिहिते. वेगमापन आणि आधारमाप दोन्ही घेतले. ते वाक्य आता असे झाले: 'वेगमापन १२० नॅनोसेकंद, आधारमाप ९५.' आता वाचणाऱ्याला कळते की कोड मंदावले आहे.