मारहाण पाहणारं मूल कायद्यानं पीडित मानावं का?

रानजाई (धागाकर्ती)

घरात बापानं आईला मारलं आणि पोरानं ते पाहिलं, तर तक्रार लिहून घेताना पोराचं नाव, वय, कोणाजवळ राहतं एवढं विचारतात. त्याला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हात आईवर पडला तरी इजा त्या पोरालाही झालेली असते, आणि कायद्यानं त्याला पीडित म्हटलं पाहिजे.

आपला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे स्त्री. मुलं येतात ती तिचा पदर धरून: कलम २० मध्ये त्यांचा खर्च, कलम २१ मध्ये त्यांचा ताबा. बापाच्या भेटीनं मुलाला अपाय होईल असं दिसलं तर दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारावी, असंही त्यात आहे आणि ते चांगलंच आहे. पण मुलाच्या स्वतःच्या दुखण्याचं काय? इंग्लंड आणि वेल्सनं २०२१ च्या कायद्यात सरळ लिहून टाकलं की घरातला छळ जे मूल पाहतं, ऐकतं किंवा ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो, ते मूलही पीडित.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेक घरांत लेकरं असणार.

मी लहान मुलांच्या वाढीसंबंधी काम करते. “बाळाला काय कळतंय?” हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. बोलता न येणारं बाळही चढलेल्या आवाजानं अंग ताठ करतं, दूध सोडतं, झोपेत दचकतं. तीन-चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. शाळकरी मुलाचं पोट दुखतं, सगळ्या तपासण्या होतात, सापडत काही नाही. धोका दिसला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, धोका गेला की शांत होतं. धोका रोज संध्याकाळी घरीच येत असेल तर शांत व्हायचं कधी? दाराबाहेर चपला कशा काढल्या यावरून आज बाबा कसे आलेत हे ओळखणाऱ्या मुलाचं लक्ष अपूर्णांकात कुठून लागणार!

हे पुढे वाहत जातं. फेलिटी आणि आंडा या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये सॅन दिएगोतल्या साडेनऊ हजार प्रौढांचा अभ्यास छापला. बालपणीच्या वाईट अनुभवांचे सात प्रकार त्यांनी मोजले, आणि आईला होणारी मारहाण हा त्यातला एक. चार किंवा जास्त प्रकार वाट्याला आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट होता.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतंही हवीत.

जुना_गिरणगावकर

रानजाईताई, तळमळ कळते, पण असहमत. आमच्या चाळीत भिंती म्हणजे फळ्या. कोणाच्या घरी काय चाललंय ते अख्ख्या मजल्याला ऐकू यायचं. आम्ही सगळी पोरं ते ऐकत मोठी झालो. गिरण्यांचा संप झाला, घरात पैसा नाही, दारू वाढली, हात उठले. वाईटच होतं ते. पण त्यातली बहुतेक पोरं आज नीट संसार करतायत. प्रत्येक भांडणात मुलाला ‘पीडित’ ठरवलंत तर भांड्याला भांडं लागलं की कोर्ट. घर मोडल्यावर मुलाचं काय होतं, तेही मोजा ना कोणीतरी.

फळा_खडू

काका, भांडण आणि मारहाण एक नव्हे. आईवडील चिडतात, बोलतात, मग समेट करतात. हे पाहून मूल काहीतरी शिकतंसुद्धा. एक माणूस दुसऱ्याला भीतीखाली ठेवतो तेव्हा मूल भीती शिकतं.

मी प्राथमिक शाळेत आहे. चौथीतली एक मुलगी सारखी गैरहजर असायची. आजारी नव्हती, अभ्यासाचा कंटाळाही नव्हता. ती घरी थांबायची, कारण ती घरात असली की आईला कमी मार बसतो असं तिला वाटायचं. त्या लेकरानं पहाऱ्याची नोकरी धरली होती. आणि आम्ही तिच्या नावापुढे ‘अनियमित’ लिहीत होतो.

आडवाट

“बहुतेक पोरं आज नीट आहेत” याला उत्तर द्यावंसं वाटलं. मीही बाहेरून नीटच आहे. नोकरी, घर, दोन मुलं. बायकोवर कधी हात उचलला नाही. पण ऑफिसात कोणी टेबलावर जोरात फाईल ठेवली तरी माझे तळहात ओले होतात. आईला वाचवायला मधे पडलो नाही, याचं ओझं मी सात वर्षांचा असल्यापासून वाहतोय. सात वर्षांचं पोर काय मधे पडणार, हे डोक्याला कळतं, आतल्याला पटत नाही. नीट संसार करणाऱ्या तुमच्या त्या मित्रांना कधी विचारलंत का, काका?

जुना_गिरणगावकर

नाही विचारलं. आमच्यात असं विचारायची रीत नव्हती. पण एक सांगतो. आवाज वाढला की शेजारची मावशी येऊन पोरांना उचलून न्यायची. जेवायला घालायची, तिथंच झोपवायची. कायद्यानं नाही सांगितलं तिला. तुम्ही ती मावशी कुठून आणणार?

रानजाई (धागाकर्ती)

हा मुद्दा फार मोलाचा आहे. एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली मुलं कित्येक दशकं अभ्यासली. अतिशय कठीण घरांतली जवळपास एक तृतीयांश मुलं सावरून उत्तम प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे निदान एक भरवशाचं मोठं माणूस: आजी, शेजारीण, शिक्षिका. तेव्हा तुमची पोरं सावरली ती मारहाण निरुपद्रवी होती म्हणून नाही, मावशी होती म्हणून. आज बंद दाराच्या फ्लॅटमध्ये मावशीला आवाजच जात नाही. जिथं ती नाही तिथं व्यवस्थेनं काहीतरी करावं, एवढंच मागतेय.

उंबरठा_ओलांडून

मी पीडित स्त्रियांसोबत काम करते. परिणामांबद्दल रानजाईंचं अक्षर न् अक्षर मान्य. उपायाला माझा ठाम विरोध.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं १९९९ मध्ये घरातली हिंसा मुलाच्या नजरेस पडणं हीच ‘मुलाची हेळसांड’ मानली. तक्रारींचा असा पूर आला की बालसंरक्षण यंत्रणेला तो पेलेना, आणि पुढच्याच वर्षी ती तरतूद मागे घ्यावी लागली. न्यूयॉर्कमध्ये याहून वाईट घडलं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या आयांची मुलं सरकारी यंत्रणेनं काढून घेतली, का तर ‘आईनं मुलाला हे पाहू दिलं’. आयांना कोर्टात जावं लागलं. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलानं मारहाण पाहिली एवढ्यावरून आईला दोषी धरता येत नाही.

आता हे आपल्याकडे आणून बघा. “मुलांवर परिणाम होतोय तर तू एवढी वर्षं राहिलीस कशाला?” हा प्रश्न सासरकडचा वकील आजच विचारतो. उद्या त्याच्या हातात कायद्याचं कलम असेल. पोलीस ठाण्याची पायरी चढताना बाईला आधीच एक भीती असते, की पोरं जातील. ती भीती आपण खरी करून द्यायची? आईला सुरक्षित घर, हातात पैसा आणि भक्कम संरक्षण आदेश द्या. मूल सुरक्षित करायचा तोच सरळ रस्ता आहे.

लेस्टरकर

इथं इंग्लंडमध्ये राहतो म्हणून थोडी भर. मूल पीडित मानलं म्हणजे आई आरोपी होते असं कायदा म्हणत नाही, तरी ‘आईनं संरक्षण केलं नाही’ असं म्हणण्याची सवय इथल्या यंत्रणेलाही आहे. उंबरठा यांची भीती खोटी नाही.

मला जास्त उपयोगी वाटते ती ‘ऑपरेशन एन्कम्पास’ ही पद्धत, २०११ मध्ये प्लिमथला सुरू झालेली. घरगुती हिंसेसाठी पोलीस एखाद्या घरी गेले आणि तिथं शाळकरी मूल असलं, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत शाळेतल्या ठरलेल्या व्यक्तीला कळवतात. चौकशी नाही, फॉर्म नाही. त्या दिवशी त्याला कोणी गृहपाठावरून ओरडत नाही, नाश्ता झाला का बघतात.

फळा_खडू

मला असा फोन आला असता तर त्या मुलीचा ‘अनियमित’ शेरा मी लिहिला नसता.

उंबरठा_ओलांडून

शहरात ठीक. गावात शाळेला कळलं म्हणजे दुपारपर्यंत पाणवठ्याला कळलं. मग “तू पोलिसांना का बोलावलंस” म्हणून दुसरा मार.

रानजाई (धागाकर्ती)

मग मागणी थोडी बदलून मांडते. शिक्षा, ताबा, हेळसांड यांतलं काही नको. मूल पीडित आहे एवढं नोंदवा, आणि त्या नोंदीमुळे त्याला समुपदेशनाचा हक्क मिळू द्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं तेव्हा रुग्णालय हेच बाईच्या मदतीचं ठिकाण होऊ शकतं हे मुंबईनं दाखवलं. मुलासाठी तसं दार का नसावं? ११८ अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की हिंसा पाहणाऱ्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांची स्थिती हिंसा न पाहिलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट होती. उरलेली बरी होती म्हणून या ६३ जणांनी थांबायचं?

उंबरठा_ओलांडून

समुपदेशनाला कधीच ना नव्हती. पण त्यासाठी ‘पीडित’ शिक्का कशाला? नोंद झाली की समोरचा वकील ती मागणार आणि पोराला उलटतपासणीला उभं करणार. आपल्या कायद्यात लहान मूल साक्ष देऊ शकतं, प्रश्न समजून उत्तर देता आलं की झालं. समुपदेशकाजवळ बोललेलं कोर्टात ओढलं जाणार नाही, हे आधी कायद्यात लिहा. मग मी तुमच्या बाजूनं सही करते.

रानजाई (धागाकर्ती)

ही अट मला मान्य. पण ती पुरी होईपर्यंत नोंदच नको, हे मान्य नाही. ज्याची नोंद नाही त्याला निधीही मिळत नाही.

जुना_गिरणगावकर

कायद्याबद्दल माझं मत तेच आहे. पण एक विचारायचंय. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हल्ली रात्री आवाज येतात. मुलगा असेल सहावीत. मी वर गेलो तर “तुमचा काय संबंध” म्हणतील. शेजाऱ्यानं कळवलं तर शेजारीच अडकतो का?

उंबरठा_ओलांडून

नाही अडकत, काका. २००५ च्याच कायद्यात कलम ४ आहे. हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं मानायला कारण असलेला कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. हेल्पलाइन म्हणाल तर मुलासाठी १०९८, बाईसाठी १८१. पण आधी ती एकटी असताना तिच्याशी बोला. तुमच्या घरातल्या बाईमाणसाला पाठवलंत तर जास्त बरं. फोन कधी करायचा ते तिला ठरवू द्या. कोणाच्या जिवावर बेतलंय असं वाटलं तर मात्र थांबू नका, लगेच ११२. आणि तो मुलगा जिन्यात भेटला तर त्याला घरी बोलवा.