दशावतारी कलाकारांच्या अंगावर वायरलेस माइक कसे बांधावेत? (मर्यादा ३०,००० रुपये)

पेटारा (वेंगुर्ले)
सर्वांना नमस्कार. आमच्या हौशी दशावतारी मंडळाकडे आजवर वरून टांगलेले दोन माइक आहेत. कलाकार त्यांच्याखाली येऊन बोलतो आणि युद्धाला सुरुवात झाली की निम्मे संवाद मृदंगात बुडतात. यंदाच्या जत्रांना राजपार्टी (राजाची भूमिका करणारा), स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा), नारद आणि राक्षस या चौघांना वायरलेस माइक द्यावेत, असे ठरले आहे. आमच्या राजाच्या गिरक्या आणि तलवारबाजी पाहता पॅक (माइकच्या तारेला जोडलेली, आवाज रिसीव्हरकडे पाठवणारी सेलची डबी) नेमका कुठे बांधावा आणि रात्री अकरापासून पहाटेपर्यंत वाहणाऱ्या घामाचे काय करावे, हे कृपया सांगावे. रक्कम वर्गणीची असल्याने ती वाढवता येणार नाही.

रंगपट (रत्नागिरी)
मी शुअर कंपनीचे वायरलेस संच वापरतो. एका संचालाच तुमच्या पूर्ण रकमेहून अधिक खर्च आला, परंतु सावरकर नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही नटाचा श्वास ऐकू येतो, याचे समाधान मोठे आहे. तुम्हीही थोडे थांबून एकच संच घ्यावा, पण चांगला घ्यावा. माइकची गुंडी कपाळावर केसांच्या रेषेशी ठेवावी आणि तार टोपाखालून मानेमागे उतरवावी. छातीवर माइक लावल्यास दागिने घासतात आणि मान वळताच आवाज कमीजास्त होतो.

पायपेटी (कुडाळ)
एकच संच घेऊन चार पात्रांनी काय करायचे? मूळ प्रश्न घामाचा आहे आणि तो मी भोगला आहे. आमच्या राक्षसाच्या कमरेला पॅक उघडाच बांधला होता. पहाटे तीनच्या सुमारास ऐन युद्धात आवाज खरखरत बंद पडला आणि पॅक उघडला तेव्हा सेलच्या पत्र्यांवर पाणी चमकत होते. तेव्हापासून मी वंगण नसलेला निरोध पॅकवर चढवतो, तार बाहेर येते तिथे दोरा घट्ट बांधतो आणि वरून सुती पिशवी घालतो. हा उपाय सांगताना लोक संकोचतात, पण याहून स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. खेळ संपल्यावर पॅक तांदळाच्या डब्यात ठेवावा.

सागरकिनारा (मालवण)
तांदूळ नको. त्याचा भुसा खाचांत शिरतो आणि ओलावा तसाच राहतो. औषधांच्या डब्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यात घालाव्यात. आपल्या खाऱ्या हवेत पत्र्यांवर हिरवट थर चढतो, म्हणून मोसम संपताच सेल काढून ठेवणे आवश्यक आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑनलाइन मिळणारे २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त संच टाळावेत. या लहरी माणसाच्या शरीरात मोठ्या प्रमाणावर शोषल्या जातात आणि नट पाठ फिरवताच आवाज तुटतो. शिवाय मोबाइलचे वायफाय आणि ब्ल्यूटूथ त्याच पट्ट्यात चालतात. यूएचएफ (याहून कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा) संच घ्यावा, चौघांच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि रिसीव्हर रंगमंचाच्या बाजूला उंचावर, नट सतत नजरेस पडेल असा ठेवावा. पॅकची अँटेना दुमडू नये आणि ओल्या कातडीला टेकू देऊ नये.

पायपेटी (कुडाळ)
तांदळाने माझे दोन पॅक आजही चालू आहेत.

नमनवेडी (गुहागर)
आमच्या नमनात (कोकणातील लोकनाट्यात) गौळणींचे कपडे मी सांभाळते, म्हणून स्त्रीपार्टीपुरते लिहिते. लुगड्याच्या कमरेत पॅक खोचू नये, कारण कासोटा ओढला की तोही सरकतो. चार बोटे रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवून त्याला पिशवी जोडावी आणि तो मांडीच्या बाहेरच्या बाजूने बांधावा. मानेखाली तारेचा करंगळीएवढा वेटोळा सोडून तो मायक्रोपोर पट्टीने पाठीला चिकटवावा. नट वाकला की ताण त्या वेटोळ्यावर येतो, माइकच्या सांध्यावर येत नाही. पट्टी रंग लावण्यापूर्वी, कोरड्या कातडीवर लावावी. रंगावर ती चिकटतच नाही.

रंगपट (रत्नागिरी)
केसांच्या रेषेचे मी आधीच लिहिले आहे. सेलबाबत मात्र काटकसर नको. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे आणि साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे असतात. त्यामुळे पॅकवरचा दिवा रिचार्जेबल सेलची स्थिती चुकीची दाखवू शकतो.

सागरकिनारा (मालवण)
चांगले रिचार्जेबल सेल रात्रभर पुरतात, हा माझा चार मोसमांचा अनुभव आहे. संकासूर (सुरुवातीच्या भागातील पात्र) निघून आख्यान (मुख्य कथा) सुरू होण्यापूर्वी सेल बदलण्याची सवय लावली की दिव्याकडे पाहावे लागत नाही. आणखी एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात, म्हणून पुढे कोण बोलणार हे मिक्सरवरच्या माणसाला ठाऊक नसते. चारही माइक उघडे राहिले तर शिट्टी वाजेल आणि दोन पात्रे एकमेकांना भिडली की दोन माइकांत एकच आवाज शिरून तो पोकळ ऐकू येईल. मिक्सरवर दशावतार जाणणारा माणूस बसवावा आणि त्या प्रसंगी एक माइक खाली घ्यावा. आवाजाची पातळी राक्षसाच्या आरोळीवर बेतावी, साध्या बोलण्यावर बेतू नये.

पेटारा (वेंगुर्ले)
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही यूएचएफचे दोनच संच घेतले. एक राजाला आणि एक स्त्रीपार्टीला दिला. नारद आणि राक्षस टांगत्या माइकवरच बोलतील. मांडीचा पट्टा नमनवेडी यांनी सांगितल्याप्रमाणे शिवून घेतला.

राजाचा पॅक मात्र कमरेला न बांधता मुकुटात मागच्या बाजूला बसवला आहे. आमचा मुकुट पुठ्ठ्याचा असून बेगड फक्त पुढे आहे, त्यामुळे अँटेना झाकली जात नाही. घाम तिथवर पोहोचत नाही आणि माइक कपाळावर येण्यासाठी तार वीतभरच लागते.

रंगपट (रत्नागिरी)
युद्धात मुकुट पडला तर माइकही जाईल. कृपया पुनर्विचार करावा.

पेटारा (वेंगुर्ले)
हनुवटीखालची नाडी दुहेरी केली आहे. काल तालमीत राजाने सलग अकरा गिरक्या घेतल्या आणि मुकुट जागेवरून हलला नाही.