पंढरपूर : ७६ वर्षांच्या बाबांना दर्शन कसं घडवावं?

अनघा_पुणे
बाबा ७६ वर्षांचे. गुडघ्यांमुळे वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. तरुणपणी दोनदा वारी केली, नंतर पंढरपूरला जाणंच झालं नाही. आम्ही दोघंच, एक मुक्काम, सगळं मिळून चार हजारांत बसवायचंय. पदस्पर्शाची रांग झेपेल का? दिवस कोणता धरू?

घाटावरचा
सरळ इनोव्हा करा. आम्ही केली होती, नऊ हजार गेले, पण आईला जराही त्रास नाही.

मंगळवेढेकर
ताई, एकादशी टाळा. आषाढी-कार्तिकीच नव्हे, दर महिन्याच्या शुद्ध एकादशीलाही वारकरी येतात. शनिवार-रविवार नको. मंगळवार-बुधवारी पहाटे जा आणि मुखदर्शनाची रांग धरा. ती वेगळी असते, लवकर सरकते. मोबाइल खोलीवरच ठेवा, आत नेऊ देत नाहीत.

सुमनकाकू
पदस्पर्श केल्याशिवाय परतू नका गं. देवाच्या पायांवर डोकं टेकवायला मिळतं, ते सोडून लांबून काय बघायचं? आमच्या ह्यांनी ७८ व्या वर्षी साडेचार तास रांग धरली!

लालपरी
गाडीचा खर्च कशाला? ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, तुम्हाला महिला सवलतीत अर्धं तिकीट. बाबांचं आधार कार्ड जवळ ठेवा. वाचलेल्या पैशांत मंदिराजवळची खोली घ्या, म्हणजे चालणं कमी.

घाटावरचा
गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढा वेळ एसटीत बसवणार? गाडीच करा.

नीरेकाठचा
‘लवकर दर्शन घडवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध. माझे दीड हजार गेले आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा झाला. मंदिराचे जुने वंशपरंपरागत पुजारी बडवे, त्यांच्या वेळेपासून हेच चाललंय.

मंगळवेढेकर
बडव्यांना यात ओढू नका. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे हक्क संपले, कारभार मंदिर समितीकडे आहे. रस्त्यावरचा भामटा कुठल्याही तीर्थात भेटतो.

तुळसमाळ
हक्कांचं निघालंच आहे तर सांगते. १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे हे दार सगळ्यांना उघडलं. महाद्वारी नामदेव पायरी आहे, तिच्यावर पाय देऊ नका. समोरच चोखोबांची समाधी. जन्मभर ज्यांना आत घेतलं नाही, त्यांच्यापुढे आधी हात जोडा. मी दर वेळी तिथे रडते.

सुमनकाकू
हो, पण पदस्पर्श चुकवू नका. रुक्मिणीमातेचंही दर्शन घ्या.

अनघा_पुणे
सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दोन्ही वाऱ्यांत मी कळसाला हात जोडूनच परतलो होतो. तेव्हा पोचलं त्याला, आता का नाही पोचणार?” त्यांना रांगच नकोय, आणि दिवस एकादशीचाच हवाय. टाळ-मृदंग कानावर पडले पाहिजेत म्हणतात. तेव्हा येत्या शुद्ध एकादशीला एसटीनंच निघतोय. नामदेव पायरी, चोखोबा, कळस. पुढचं त्यांचे पाय ठरवतील.

मंगळवेढेकर
ताई, एकादशी नको म्हणून पहिलंच सांगितलं होतं.

लालपरी
जाताय तर दशमीला सकाळीच निघा, आरक्षण आजच करा. घडीचं स्टूल न्या. महाद्वाराशी गर्दी दाटली की बाबांना भिंतीच्या कडेला बसवा, कळस तिथूनही दिसतो का ते आधी पाहून घ्या.