शाळेच्या मूव्ही नाईटला खाऊचा स्टॉल सांभाळलाय का कधी? या, अनुभव लिहा

वळचण
आज ऑफिसच्या पँट्रीत कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नचं पाकीट जाळलं. सगळे नाक दाबून खिडक्या उघडतायत आणि मला आठवली लेकीच्या शाळेतली फॅमिली मूव्ही नाईट. लेक आता नोकरीला लागली तरी तो वास आला की माझा हात स्कूप शोधतो.

पालक संघात कामं वाटताना तिकिटं, खुर्च्या, सजावट हे सगळं पटापट संपायचं. उरायचा तो खाऊचा स्टॉल. कारण काय तर पिक्चर दिसत नाही, स्वतःची पोरं कुठे पळाली ते कळत नाही आणि घरी सगळ्यात शेवटी जायचं. मी आणि अजून एक आई नवीन होतो, आमच्या गळ्यात आला. भाड्याचं मशीन आलं, काचेची पेटी, आत लटकतं भांडं, बाजूला दांडा, कागदबिगद काही नाही सोबत. शेवटी शिपाईकाकांनी शिकवलं. भांडं आधी तापू दे ताई, मग तेल नि दाणे. ताडताड मंदावली की लगेच दांडा फिरवून पालथं करायचं, शेवटचा दाणा फुटायची वाट बघितलीस तर फुटलेले जळतात. चार गणंग राहिले तर राहू देत म्हणाले.

मग पिक्चरच्या आधीचा अर्धा तास! सगळं गाव एकदमच येतं. एक पिटुकली नाक टेबलाला टेकवून दोन चिप्सच्या पाकिटांकडे आळीपाळीने बघतेय, तिच्यामागे रांग दारापर्यंत, आणि तिचे बाबा शांतपणे "ठरव बेटा, घाई नाही". घाई नाही?? आणि मग एका क्षणात दिवे बंद, सगळे आत, आणि आम्ही दोघी खारट तेलकट बोटं घेऊन उभ्या, पेपर नॅपकिन कधीच संपलेले.

तुम्ही कुणी केलंय का हे? वैताग, गमती, काय असेल ते लिहा.

ठोकळा
फ्यूज. एवढंच लिहितो, मीटिंग आहे. येतो परत.

भरदुपार
अगं वळचण, "ठरव बेटा घाई नाही" हाहाहा, ते बाबा प्रत्येक शाळेत असतात बहुतेक

माझ्याकडे गल्ला होता. सुट्टे सुट्टे सुट्टे. पहिली दहा माणसं मोठ्या नोटा घेऊन येतात आणि गल्ला जन्मल्यापासून रिकामा. आमच्या आधीच्या बॅचने सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही सुरुवातीचे सुट्टे वेगळ्या पाकिटात मोजून, चिठ्ठीवर आकडा लिहून ठेवले, शेवटी ते बाजूला काढायचे मग उरेल ती विक्री, नाहीतर रात्री हिशोबाला बसलं की आपलेच पैसे नफा म्हणून मोजले जातात. आणि मोजायला कायम दोघं. भरवसा नाही म्हणून नव्हे, दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं तर आपल्या बाजूने एक माणूस हवा म्हणून. किमतीही अशा ठेवल्या की परत द्यायची वेळच येऊ नये, सगळं एका नाण्याच्या पटीत. नंतर क्यूआर कोड आला तर वाटलं सुटलो, पण हॉलच्या त्या कोपऱ्यात नेटवर्कच नाही! लोक फोन वर धरून फिरतायत.

रानजाई
आम्ही कूपन केली होती. एका टेबलावर पैसे, दुसऱ्यावर फक्त खाऊ. ज्याच्या हाताला तेलमीठ लागलंय त्याने नोटांना हात लावायचा नाही आणि ज्याने नोटा मोजल्या त्याने पॉपकॉर्नला नाही, हे मला फार पटलं. रांगही दुप्पट वेगाने सरकली.
बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय

मीच_ती_काकू
माझा अनुभव असा की मी अर्धा पिक्चर पाहिला नाही आणि उरलेला अर्धा ऐकला. भिंतीपलीकडून सगळे हसले की आम्हीही हसायचो, कशाला ते माहीत नाही. घरी येताना मुलगा म्हणे कुत्रा शेवटी सापडतो. कुत्रा होता हेच मला तेव्हा कळलं

वळचण
@मीच_ती_काकू कुत्रा 😂😂

ठोकळा
आलो. तर फ्यूज.
पॉपकॉर्न मशीन छोटं दिसतं पण हजार-दीड हजार वॅट सहज खातं. आमच्याकडे दोन मशीन, एक कॉफीचं, आणि प्रोजेक्टर नि स्पीकर, सगळं हॉलच्या एकाच भिंतीवरून. पिक्चर रंगात आलेला, हीरो दरीच्या टोकाला लटकलेला, तिकडे कुणी दुसरं मशीन चालू केलं आणि काळोख. दोनशे पोरं एका सुरात किंचाळली. त्यांना वाटलं हा पिक्चरचाच भाग, टाळ्या पण वाजवल्या काहींनी.
तेव्हापासून मी पालक संघातला वायरवाला. स्टॉल आणि पडदा वेगवेगळ्या सर्किटवर पाहिजे म्हणजे पाहिजे, म्हणजे नुसतं दुसऱ्या प्लगमध्ये नाही, खाली जाऊन कुठल्या बटणाने कुठला प्लग बंद होतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा. दुसरं, ते रिळावरचं एक्स्टेंशन असतं ना, ते पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरवर एवढा लोड टाकला की ती आतल्या आत तापते, वितळलेली बघितलीये. आणि वायर चालण्याच्या वाटेवर नको, अंधारात पोरं धावतात.

अडगळ
पॉपकॉर्न आणि पिक्चर ही जोडी मुळात नव्हती हे गंमतशीर आहे. सुरुवातीच्या भारी थिएटरवाल्यांना आपल्या गालिच्यावर असला पाचोळा नको होता. 1930 च्या दशकात अमेरिकेत मंदी आली, तिकिटं खपेनात, तेव्हा त्यांना कळलं की दाणे स्वस्त पडतात आणि पैसे त्यातच आहेत. त्याच्या कितीतरी आधी, 1885 च्या सुमारास शिकागोत चार्ल्स क्रेटर्सने वाफेवर चालणारी यंत्रं करायला सुरुवात केली होती, ती गाडीवर बसवून रस्त्यावर विकायचे लोक. आणि वळचणताईंच्या पँट्रीतला प्रकार, तर 1945 च्या आसपास पर्सी स्पेन्सरने रडारच्या नळीपुढे मक्याचे दाणे धरून फोडले म्हणतात, तिथून मायक्रोवेव्ह...

भरदुपार
अडगळ काका, स्टॉल कधी सांभाळलाय का ते सांगा आधी

अडगळ
नाही. मी रांगेत उभा राहून सूचना करणाऱ्यांपैकी 😀

वळचण
तरीच!

काजळमाया
मी शिक्षिका आहे त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. प्लीज प्लीज एक कागद टेबलावर चिकटवा, कशात काय आहे त्याचा. तेल कुठलं, बटर खरं की नुसता वास, चॉकलेटच्या पाकिटात शेंगदाणे आहेत का. माझ्या वर्गात एक मुलगी होती शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली, ती रांगेत उभीच राहायची नाही, लांबून बघायची. कारण विचारायची लाज वाटायची तिला. मग एका वर्षी स्टॉलवरच्या एका आजीने (कुणाची आजी माहीत नाही, सगळ्यांचीच असल्यासारखी वागायची) बंद पाकिटांचा वेगळा ट्रे केला, त्याचा चिमटा वेगळा, आणि त्या मुलीला हाक मारून म्हणाली, हा तुझा ट्रे, मी वाचून ठेवलाय, तूपण एकदा वाच. तिने उभं राहून एकेक पाकीट उलटून अख्खं वाचलं. मागे रांग होती पण कुणी एक शब्द बोललं नाही.

आणि अगदी लहान भावंडं येतात त्यांना पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतं. बालरोगतज्ज्ञ चार वर्षांखाली नकोच म्हणतात. आम्ही त्यांच्यासाठी मऊ केळी ठेवायचो, खपायचीही.

रानजाई
काजळमाया ❤️ डोळ्यात पाणी आलं की

मीच_ती_काकू
त्या आजीला नमस्कार सांगा

उंबरठा_ओलांडून
आमच्याकडे काउंटरवर आठवी-नववीची मुलं बसवली होती. माझा लेक घरी चहाचा कप उचलत नाही, तिथे पाण्याच्या बाटल्या अशा रचत होता की बस. तीन गोष्टींची बेरीज तोंडी, परत द्यायचे पैसे तोंडी, वर "थँक्यू, पिक्चर एंजॉय करा". मी रांगेत गेले तर मला पण "नेक्स्ट". ओळख नाही पाळख नाही! सुट्टे मात्र चोख दिले मेल्याने.

बाटल्या गार करायच्या तर नुसता बर्फ टाकू नका, बर्फात पाणी ओता, बाटलीला सगळीकडून टेकतं आणि निम्म्या वेळात गार. मूठभर मीठ टाकलं तर आणखी. हे लेकानेच शिकवलं, विज्ञानाच्या पुस्तकात होतं म्हणे. पुस्तक उघडतो हीच बातमी.

पाऊसवेडा
मैदानावर होता का कुणाचा? आमचा होता. वेळ छापली संध्याकाळची आणि उन्हाळ्यात उजेड काही जाईना, प्रोजेक्टरचं चित्र दिसेना, सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ पडदा पांढराच. तो सगळा वेळ चारशे माणसं करणार काय? खाणार! पिक्चर सुरू व्हायच्या आत स्टॉल साफ. मध्यंतरात लोक आले तर आमच्याकडे फक्त कागदी पिशव्या आणि मीठ.
थंडीत केलं तर दुसरीच तऱ्हा, खोबरेल तेल डब्यात दगड. चोवीस-पंचवीसच्या खाली गेलं की गोठतंच ते. चमच्याने खरवडून टाकत होतो.

ठोकळा
@पाऊसवेडा डबा मशीनच्या काचेला टेकवून ठेवायचा, दिव्याच्या उबेने पातळ राहतो

पाऊसवेडा
हे तेव्हा भेटला असतात तर

चुकलेला_फकीर
पिक्चर दाखवायची परवानगी काढता ना सगळे? घरच्या डीव्हीडीवर किंवा सबस्क्रिप्शनवर हॉलभर लोकांना दाखवणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, तिकीट नसलं तरी. तिथे सार्वजनिक प्रदर्शनाचं वेगळं लायसन्स लागतं. आमच्या पालक संघात कुणी म्हणालं, आपण तर फक्त पॉपकॉर्नचे पैसे घेतो. त्याने काही फरक पडत नाही हे पटवायला दोन मीटिंगा गेल्या.

भरदुपार
+१. स्टॉलचा अर्धा नफा त्या लायसन्समध्येच जातो खरं तर. पण लागतं.

रानजाई
आले. जेवणं झाली.
मला सांगायचं होतं ते आधी भरून ठेवण्याबद्दल. गर्दीच्या भीतीने दुपारीच सगळ्या पिशव्या भरल्या की संध्याकाळी कापूस. पॉपकॉर्न हवेतली ओल लगेच ओढतं. आमच्याकडे अर्धे पालक म्हणत आधीच भरा, अर्धे म्हणत ताजं द्या, खूप वाद, एक ताई रुसून घरी गेल्या (आता माझी चांगली मैत्रीण आहे, सुनेच्या डोहाळजेवणाला जाऊन आले परवा). शेवटी दारं उघडायच्या आधी पहिल्या लाटेपुरत्या पिशव्या भरून दिव्याखाली ठेवायच्या आणि मशीन थांबवायचंच नाही असं ठरलं. आणि मीठ मिक्सरमध्ये फिरवून पिठासारखं बारीक करायचं, जाडं मीठ पिशवीच्या तळाशी जातं नि शेवटच्या घासाला समुद्र.

मीच_ती_काकू
डोहाळजेवणाचे फोटो टाक की

उंबरठा_ओलांडून
विषय निघालाच आहे तर, माझ्या घरी हल्ली मक्याचे दाणे फुटतच नाहीत, निम्मे गणंग. दाणे जुने असतील का?

ठोकळा
सुकलेत. दाण्यात चौदा टक्क्यांच्या आसपास पाणी असावं लागतं, त्याचीच वाफ होऊन सालं फाटतं. बरणीत चमचाभर पाणी टाका, झाकण घट्ट लावा, अधूनमधून हलवा, दोन-तीन दिवसांनी बघा.

उंबरठा_ओलांडून
करून बघते. थँक्यू

नवी_पालवी
सगळं वाचून घाम फुटला. पुढच्या शुक्रवारी माझी पाळी आहे 🙈 एकच विचारते, नंतर मशीन धुवायचं कसं? भांडं नळाखाली धरू?

ठोकळा
अजिबात नाही!! भांड्याला वायर आहे, आत हीटर आहे. प्लग काढा, कोमट असताना ओल्या फडक्याने पुसा. खालचा ट्रे आणि काच धुतली तरी चालेल.

वळचण
आणि नॅपकिन मोजू नकोस गं, दुप्पट ने.

नवी_पालवी
हो ताई. आणि ते परत कोण नेऊन देतं?

भरदुपार
ज्याच्या डिकीत मावतं तो. त्यामुळे छोट्या गाडीतून जा.