बॉक्स स्प्रिंगला कव्हर कोणतं घ्यावं, आणि मधे आधार कसा द्यावा?

भुसावळची सून:
राम राम मंडळी. दीर अमेरिकेतून कायमचे परत आले तेव्हा घरसामानात त्यांचा पलंगही आला. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर कापडाने मढवलेली पेटी, म्हणजे ते बॉक्स स्प्रिंग, आणि सगळ्यात वर गादी. गादी जुनी झाली होती म्हणून इथे नवी क्वीन साइझ घेतली. आता त्यावर सासूबाई झोपतात. मधोमध खोलगट लागतं, सकाळी त्यांची कंबर धरलेली असते. पेटीखालचं पातळ काळं कापडही फाटून लोंबतंय. दुकानदार म्हणतो, प्लॅस्टिकचं चेनवालं कव्हर घाला, धूळ-ढेकूण काही शिरणार नाही. घेऊ का? त्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो.

रावेर:
ताई, ती पेटी काढून टाका आणि प्लायचा बॉक्स पलंग करून घ्या. आमच्याकडे बठ्ठा तेच वापरतात. गोधड्याही आत मावतात.

धुळे सुतारकाम:
पेटी टाकायची घाई नको, कव्हरही नंतर. आधी खोलगट कशामुळे आहे ते शोधा. गादी उतरवा. पेटीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून धरा. दोरीखाली मधे फट दिसली तर पेटी बसली आहे. फट नसेल तर गादी परत टाका, सासूबाईंना झोपू द्या आणि खाली बॅटरी मारून बघा. चौकट मधे वाकतेय का? तिला मधली पट्टी आहे का, आणि त्या पट्टीला जमिनीला टेकणारा पाय आहे का? साठ इंची, म्हणजे क्वीन रुंदीच्या पलंगाला तो पाय हवाच. चार कोपऱ्यांवर एवढी रुंदी पेलत नाही. सामान हलवताना नेमका हाच पाय मागे राहतो, असे दोन पलंग मी स्वतः दुरुस्त केले आहेत.

पाय नसेल तर विटा किंवा लाकडी ठोकळा सरकवू नका. फरशी वरखाली असते, ठोकळा महिनाभरात सरकतो आणि वजन पुन्हा चौकटीवर येतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपाची लांबीभर पट्टी करून घ्या, तिच्यावर तीन आडव्या पट्ट्या, आणि मधे आटे असलेल्या बोल्टचा पाय, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. पायाला रबरी बूच घाला.

पेटीच बसली असेल तर वर १२ मिमी प्लाय टाका. जिन्यातून नेता यावा म्हणून दोन तुकड्यांत कापा, जोड मात्र आडवा ठेवा, पाठीखाली लांबीभर नको. हवेसाठी भोकं पाडा. आणि एक सांगतो, आजकालच्या बऱ्याच पेट्यांत स्प्रिंगा नसतातच, आत नुसत्या लाकडी पट्ट्या असतात. दाबून उसळी आली नाही म्हणून पेटी खराब झाली असं समजू नका.

जळगावची शिवणकामवाली:
प्लॅस्टिकचं घेऊ नका ताई, कळकळीने सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि खोलीत कूलरची ओल. प्लॅस्टिकच्या आत ती ओल कोंडते, लाकडाला बुरशी धरते. माझ्या आईच्या गादीचं असंच झालं, पावसाळ्यात उघडली तर कुबट वास.

नुसती धूळ असेल तर मांजरपाट किंवा गादीपाट आणा. फुले मार्केटात जाडसर हात लावून निवडा. कापण्याआधी भिजवून वाळवा, सुती कापड आटतं. पेटी ६० बाय ८०, उंची ९ इंच, खाली वळवून इलॅस्टिक घालायला ४ इंच, म्हणजे ८६ बाय १०६ इंच, शिवण वेगळी. आधी स्वतःची पेटी मोजा, बुटक्या पेट्याही असतात. खालचं काळं कापड काढून तिथे मांजरपाटच ताणून पिना मारा.

ढेकूण दिसले असतील तर गोष्ट वेगळी. झालर किंवा वरून ओढायचं कव्हर कामाचं नाही. त्या पेटीच्या लाकडात आणि पिनांच्या भोकांत ते राहतात. सहाही बाजूंनी बंद होणारं, बारीक दातांच्या चेनचं कापडी कव्हर लागतं, आणि ते वर्षभर काढायचं नाही. रक्त न मिळताही ढेकूण कित्येक महिने तग धरतो.

तुमची गादी इथली आहे ना? मग ती बहुधा ७८ इंच लांब असेल. पेटी ८०. दोन इंचांची फट डोक्याकडे ठेवा, पायाकडे ठेवली तर चादर ओढली जाते.

भुसावळची सून:
दोरी धरली, फट नाही! पाय मात्र खरंच नाही, मधल्या पट्टीला नुसतं भोक आहे. ढेकूणही नाहीत, पिना काढून बघितलं. मांजरपाट उद्या आणते. धुळेकर भाऊ, पायाची उंची कशी मोजू?

धुळे सुतारकाम:
पलंगावर कुणी नसताना मोजा. दोन्ही टोकांना दोरी धरून पट्टी सरळ आहे ना बघा, मग बोल्ट फिरवा, जमिनीला टेकला की थांबा. आणखी आवळला तर मधे उंचवटा येईल आणि त्यांची कंबर पुन्हा दुखेल. आठवडाभराने एकदा हात लावून बघा, रबर दबतं, अर्धा आटा परत द्यावा लागतो.